डुकरांची बँक

बँक म्हटलं की आपल्याला पासबुक नाहीतर यूपीआय आठवतं. आज मी सांगणार आहे डुकरांच्या बँकेबद्दल.

ठिकाण, अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य. साल १९६२. फॅनी लू हेमर ही कृष्णवर्णीय शेतमजूर बाई मतदार यादीत नाव घालायला गेली. त्याच दिवशी मळ्याच्या मालकानं तिला हाकललं. १८ वर्षांचं काम गेलं, घरही गेलं. त्याच वर्षी शेजारच्या लेफ्लोर काउंटीनं गरिबांना मिळणारं सरकारी धान्यच थांबवलं. मत पाहिजे? मग राहा उपाशी!

हेमरबाईंनी ओळखलं, पोट दुसऱ्याच्या हातात असेल तर मतही त्याच्याच हातात जातं.

म्हणून १९६९ मध्ये त्यांनी ४० एकरांवर ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती सुरू केली. वर्गणी महिन्याला १ डॉलर. बहुतेकांना तीही परवडायची नाही, तरी भेंडी, पालेभाजी त्यांनाही मिळायची. आणि डुकरांची बँक? एका कुटुंबाला मादी पाळायला द्यायची. तिला पिल्लं झाली की काही घरात, काही पुढच्या कुटुंबाला. आपल्याकडे शेळी वाट्यानं देतात ना, तसंच. फक्त इथं वाटा मालकाला नाही, शेजाऱ्याला!

पुढे पूर आला, दुष्काळ पडला, हप्ते थकले. १९७६ मध्ये जमीन गेली. पुढच्याच वर्षी हेमरबाईही गेल्या.

मग सगळं फुकट गेलं का? मला नाही वाटत. त्या सात वर्षांत कितीतरी घरांत चूल पेटली, आणि त्यासाठी कुणापुढे मान खाली घालावी लागली नाही.