रस्त्याचा हक्क

वर्गात शब्दांची मुळे शिकवताना मी बहुतेक वेळा ‘रस्ता’पासून सुरुवात करतो. रस्ता फारसीतून आला. मुसाफिर, मुक्काम, मजल-दरमजल, सराई, जकात, राहदारी असा प्रवासाचा बराचसा संसार मराठीने फारसी-अरबीकडून घेतला आहे. खड्डा मात्र अस्सल देशी! इथे मुले हसतात.

यातला ‘राहदारी’ हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. आज आपण तो वर्दळ या अर्थाने वापरतो. पण राहदार म्हणजे मुळात रस्त्याची राखण करणारा, आणि त्या राखणीसाठी वाटसरूकडून घेतला जाणारा पैसा म्हणजे राहदारी. आधी राखण, मग पैसा, असा तो व्यवहार होता. हिंदुस्थानसारख्या अफाट मुलखात हा क्रम कधी टिकला आणि कधी उलटा झाला, यातच आपल्या रस्त्यांचा बराचसा इतिहास आहे.

1333 साली हिंदुस्थानात आलेला इब्न बतूता दिल्ली ते दौलताबाद या वाटेचे वर्णन करतो. चाळीस दिवसांचा तो प्रवास. पण दुतर्फा झाडे इतकी, की आपण बागेतून चालतो आहोत असे त्याला वाटले. मैलामैलाला डाकेच्या चौक्या होत्या आणि वाटसरूला लागेल ते तिथे मिळत होते. मुहम्मद तुघलकाच्या राजधानी हलवण्याची थट्टा आपण शाळेपासून ऐकतो. त्या निर्णयासोबत महाराष्ट्रापर्यंत आलेला हा सावलीचा रस्ता मात्र आपल्याला कोणी सांगत नाही.

मग शेरशाह सूरी. 1540 ते 1545, जेमतेम पाच वर्षांची कारकीर्द. बंगालमधल्या सोनारगावपासून सिंधू नदीपर्यंतचा रस्ता त्याने ‘बांधला’ असे आपण अभिमानाने म्हणतो. खरे तर ती वाट मौर्यकाळापासूनची. त्याने ती दुरुस्त केली, वाढवली, नांदती केली. आग्र्याहून बुऱ्हाणपूरला, म्हणजे दख्खनच्या उंबरठ्यापर्यंत येणारा रस्ताही त्याचाच. अब्बास खान सरवानी हा इतिहासकार 1700 सराया सांगतो, दर दोन कोसांवर एक. सरवानीचे सूर घराण्याशी नाते होते, शिवाय त्याने लिहिले ते अकबराच्या काळात. तेव्हा आकडा थोडा जपून घ्यावा. पण त्याने दिलेला तपशील मोलाचा आहे. सरायांत हिंदू आणि मुसलमान दोघांचीही सोय होती. हिंदू प्रवाशांच्या पाण्याला आणि स्वयंपाकाला ब्राह्मण नेमलेले होते. विहीर होती, मशीद होती, डाकेचे घोडे होते.

मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत. पहिली, मालावर कर फक्त दोनदा: राज्याच्या सीमेवर एकदा आणि विक्रीच्या जागी एकदा. मधल्या वाटेत किंवा नदीच्या उतारावर कोणी हात पसरायचा नाही. दुसरी, गावाच्या हद्दीत वाटसरू लुटला गेला तर जबाबदारी त्या गावच्या मुकादमाची. चोर सापडला नाही तर भरपाई त्याने करायची. रस्त्यावर जे घडेल त्याचा जाब देणारा माणूस ठरलेला होता.

ही घडी फार काळ टिकली नाही. जहांगीराने 1605 मध्ये गादीवर येताच काढलेल्या बारा फर्मानांपैकी पहिलेच वाटेवरचे कर बंद करणारे होते. औरंगजेबानेही राहदारी माफ केली. तरीही जहागीरदार आणि जमीनदार ती वसूल करतच राहिले, असे खाफी खान लिहितो. एकच बंदी पुन्हा घालावी लागते, याचा अर्थ ती पाळली जात नव्हती. राखण सुटली, वसुली राहिली.

कोल्हापूरकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. 2008 सालच्या करारानुसार शहरातले सुमारे 50 किलोमीटरचे रस्ते 220 कोटी रुपये खर्चून एका खासगी कंपनीने बांधायचे आणि त्या बदल्यात 30 वर्षे टोल घ्यायचा असे ठरले. गावाच्या वेशीवर नाके उभे राहिले. आमच्या शिवाजी पेठेतून रंकाळ्यावरून गगनबावड्याकडे निघालात, तरी फुलेवाडीला नाका आडवा. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंदराव पानसरे यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. ज्या तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही, त्या तालमी मोर्च्यात होत्या. 2014 च्या जानेवारीत संताप अनावर होऊन नाके पेटलेसुद्धा. 2015 च्या फेब्रुवारीत पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यातच ते गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. ती ऐकायला ते नव्हते.

वसुलीविरुद्धची ती लढाई आपण जिंकलो. राखणीचे काय?

2022 या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांत 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे, आणि जवळपास 20 टक्के पायी चालणारे. म्हणजे मरतो तो बहुधा मोठ्या गाडीतला नव्हे. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. अरुंद वाटेवर असा तांडा समोर आला, तर तो पुरता निघून जाईपर्यंत गाडीवाल्याला दोन-तीन दिवस थांबावे लागे. आज दोन मिनिटे थांबणे आपल्या जिवावर येते. अतिवेग हे मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण म्हणून त्याच अहवालात नोंदलेले आहे.

रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणे हाही ईमानचा भाग आहे, हे आपल्याला लहानपणीच शिकवले जाते. ‘रस्त्याचा हक्क’ अदा करा, असेही पैगंबरांनी सांगितले आणि कोणाला त्रास न देणे हे त्या हक्कात मोजले. हजरत उमर यांच्याबद्दल सांगतात, की दूर इराकात एखादे जनावर ठेचकाळले, तर रस्ता नीट का केला नाहीस याचा जाब आपल्याला द्यावा लागेल, अशी त्यांना धास्ती होती.

शेरशाहचे नाव घेऊन आपल्या पूर्वजांनी रस्ते बांधले म्हणणे सोपे आहे. पण जुमाच्या नमाजला उशीर होतो म्हणून उलट्या दिशेने गाडी घालणाऱ्याला आणि मिरवणुकीसाठी मांडव घालून वाट अडवणाऱ्याला तो वारसा सांगता येणार नाही. खड्ड्याचा जाब महापालिकेला विचारावा, तो आपला अधिकार आहे. चालणाऱ्याला आधी जाऊ देणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे, त्यासाठी कोणत्याही फर्मानाची वाट पाहावी लागत नाही.