टीका, परीक्षण आणि पोच : मराठीतील ग्रंथशिफारशीचा आरंभकाळ

नवे पुस्तक वाचावे की न वाचावे, हे वाचकाला छापून सांगण्याची रीत मराठीत सुरू झाली तेव्हा तिला स्वतःचे नाव नव्हते. ‘टीका’ हा जुना शब्द हाताशी होता, पण त्याचा अर्थ निराळा होता. ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका लिहिली असे म्हणताना त्यांनी गीतेचे दोष काढले, असे कोणाच्या मनात येत नाही. टीका होई ती मान्य ग्रंथाची. ग्रंथाच्या योग्यतेचा प्रश्न टीकाकाराने लेखणी उचलण्यापूर्वीच सुटलेला असे. एकोणिसाव्या शतकात ग्रंथ छापून, किंमत लावून बाजारात येऊ लागला आणि नेमका हाच प्रश्न पहिला ठरला. जुना शब्द नव्या कामाला जुंपला गेला व हळूहळू दूषणाच्या अर्थाकडे झुकला. ‘परीक्षण’ हा शब्द रत्नपारख्याच्या व नाणेपारख्याच्या व्यवहाराची आठवण देतो. ‘शिफारस’ हा फारसीतून आलेला शब्द मात्र एका माणसाने दुसऱ्या माणसासाठी घातलेल्या रदबदलीचा. ग्रंथांच्या संदर्भात तो फारसा वापरला गेला नाही. व्यवहार मात्र पुष्कळदा त्याच जातीचा होता.

या व्यवहाराची पहिली मोठी संस्था सरकारी होती. पेशवाईतील श्रावणमासाच्या दक्षिणेचा निधी इंग्रजी अमलातही चालू राहिला. त्यातील काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्चावा असा अर्ज पुण्यातील सुधारकांनी १८४९ साली केला. लोकहितवादी त्यांत अग्रभागी होते. पुढे १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. तिच्या बक्षिसांमुळे अनेक भाषांतरे व उपयुक्त ग्रंथ छापले गेले, हे निर्विवाद आहे. परंतु निवड म्हटली की नकारही आलाच. जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ साली या कमिटीकडे पाठविले. ते स्वीकारले गेले नाही. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी तक्रार फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त नोंदविली आहे. हे नाटक छापून वाचकांपुढे आले ते १९७९ साली. एका अभिप्रायाची किंमत किती असू शकते याचा यापेक्षा ठळक दाखला मराठीत क्वचितच सापडेल.

१८६७ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद सक्तीची झाली. नाव, कर्ता, विषय, पृष्ठसंख्या, प्रतींची संख्या व किंमत यांच्या त्रैमासिक याद्या सरकारी गॅझेटात येऊ लागल्या. हेतू देखरेखीचा खरा. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने या याद्यांचा एक गुण मोठा आहे. त्यांना आवडनिवड नाही. पंचांग, लावणी, नाटक, वैद्यक, सारे एका ओळीत बसते. त्याच वर्षी मुंबईत रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या संपादकत्वाखाली ‘विविधज्ञानविस्तार’ निघाले. ते १९३७ पर्यंत चालले व नव्या ग्रंथांच्या परामर्शाला मराठीत एक स्थिर जागा मिळाली. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक’ यांविषयीचा निबंध १८७२ चा. ललित वाङ्मयाला कसोटी कोणती लावावी, याचा विचार त्यात प्रथमच सविस्तर झाला. ‘नावल’ हा शब्द पुढे मागे पडला आणि बाणभट्टाच्या नायिकेचे नाव साऱ्या वाङ्मयप्रकाराला मिळाले. मराठी परिभाषेचा हा प्रवास मोठा मौजेचा आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. तिचे चौऱ्याऐंशी अंक निघाले. ग्रंथपरीक्षण हे लोकांनी वाचावे असे लेखन होऊ शकते, हे त्यांनीच सिद्ध केले. त्यांची लेखणी धारदार होती आणि तिचा वार बहुधा भाषेवर होई. फुल्यांच्या ग्रंथांची त्यांनी जी थट्टा केली तिच्यातही व्याकरण व शैली यांना मोठी जागा आहे. येथे भाषाभ्यासकाने थांबणे प्राप्त आहे. फुल्यांच्या गद्यात बोलीची जी वळणे आहेत ती अज्ञानाची चिन्हे नव्हेत. ज्या समाजासाठी ते लिहीत होते त्याच्या बोलण्याची ती रूपे आहेत. शुद्धतेची एकच मोजपट्टी लावून विष्णुशास्त्र्यांनी प्रतिपादनाला बगल दिली, असेच म्हणावे लागते. त्यांच्या गद्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही. त्यांच्या परीक्षणाचे मात्र होते. याच विष्णुशास्त्र्यांनी पुण्यात किताबखाना ही ग्रंथविक्रीची संस्थाही काढली. परीक्षक आणि विक्रेता एकाच घरात नांदू लागण्याचा हा आरंभ होय.

१८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापले गेले. त्याच्या वाट्याला उपहास आला. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, ती एक एकाकी शिफारस म्हणता येईल. त्याच वर्षी पुण्यात भरलेल्या ग्रंथकारांच्या सभेला येण्याचे फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक ज्ञात नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी त्यांचे पुस्तक पुन्हा प्रसिद्ध केल्यावर अभ्यासकांचे लक्ष तिकडे वळले.

विसाव्या शतकाचा वृत्तांत विस्तृत आहे. त्यातील दोन नोंदी पुरेत. वसंत दावतरांचे ‘आलोचना’ १९६२ मध्ये केवळ समीक्षेसाठी निघाले. १९६४ च्या जानेवारीत केशवराव कोठावळे यांच्या मॅजेस्टिकने ‘ललित’ काढले. म्हणजे ग्रंथवार्ता पुन्हा ग्रंथविक्रेत्याच्याच घरी आली. त्यातील ‘चोखंदळ वाचकांची निवड’ या उपक्रमात कादंबरीशेजारी चरित्र, प्रवासवर्णनाशेजारी वैचारिक लेखन असे सारे प्रकार येतात, आणि निवडणारा वाचक असतो.

ज्यांच्याविषयी कोणी काहीच लिहिले नाही त्या पुस्तकांसाठी नियतकालिकांनी एक लहानसे सदर राखले होते : ‘साभार पोच’. ‘पोचणे’ या क्रियापदापासून आलेला हा शब्द एवढेच सांगतो, की पुस्तक हाती आले. त्या ओळींत नाव, कर्ता व किंमत यांपलीकडे बहुधा काही नसे. जुन्या फायलींतील ही सदरे अजून कोणी सलग वाचलेली दिसत नाहीत. गॅझेटातील त्रैमासिक याद्या आणि शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची ‘मराठी ग्रंथसूची’ शेजारी ठेवून ती वाचता येतील.