युद्धकाळात 'आपलं' वर्तमानपत्रही तपासून घ्या

युद्धाचे नगारे वाजू लागले की सरकारी आणि भांडवलदारी माध्यमांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, असं आम्ही नेहमी सांगतो. त्यावर तरुण विचारतात, मग स्वतंत्र माध्यमांवर ठेवायचा का? आमचं उत्तर सरळ 'हो' असं नाही. असं का, ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या पत्रकारितेकडे पाहिलं की कळतं.

'द क्रायसिस' हे मासिक १९१० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. संपादक होते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. झुंडीने केलेल्या हत्यांचा हिशेब मांडणारं हे निर्भीड मासिक. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, हेरगिरीविरोधी कायदा आला आणि सरकारवर टीका करणं म्हणजे तुरुंगाला आमंत्रण ठरलं. जुलै १९१८ च्या अंकात डू बॉइस यांनी आवाहन केलं: युद्ध संपेपर्यंत आपली गाऱ्हाणी बाजूला ठेवू आणि गोऱ्या देशबांधवांच्या खांद्याला खांदा लावू. त्याच सुमारास त्यांना लष्करी गुप्तचर विभागात कॅप्टन करण्याची बोलणी चालू होती. त्या पदासाठीच त्यांनी हे लिहिलं, असा आरोप आम्ही करत नाही. पण सत्तेशी जवळीक वाढत असताना लेखणी मऊ झाली, हे लोकांना दिसलंच. ह्यूबर्ट हॅरिसन या कृष्णवर्णीय विचारवंताने तेव्हाच जाहीर टीका केली. कॅप्टनपद तर मिळालं नाहीच.

आणि समाजाला काय मिळालं? १९१९ च्या उन्हाळ्यात अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. त्या वर्षी युद्धावरून परतलेले सैनिकही झुंडीच्या तावडीतून सुटले नाहीत. बाजूला ठेवलेली गाऱ्हाणी कुणी परत विचारायला आलं नाही.

आता दुसरं महायुद्ध. 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने ३१ जानेवारी १९४२ रोजी जेम्स थॉम्पसन या २६ वर्षांच्या तरुणाचं पत्र छापलं. (१९२० साली 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला, तीही ३१ जानेवारीच!) त्याचा सवाल होता, अर्धा नागरिक म्हणून जगण्यासाठी मी प्राण का द्यायचे? त्यातून 'डबल व्ही' मोहीम उभी राहिली. एक विजय बाहेरच्या फॅसिस्टांवर, दुसरा घरातल्या वंशभेदावर. कुरियरने युद्धाला विरोध केला नाही, पण आपला प्रश्न पुढेही ढकलला नाही. काही लष्करी छावण्यांत कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांवर बंदी आली. एफबीआयचे प्रमुख हूव्हर यांना तर राजद्रोहाचे खटले हवे होते. 'शिकागो डिफेंडर'चे जॉन सेंगस्टॅक थेट अॅटर्नी जनरल बिडल यांना भेटले आणि खटले टळले.

ही वर्तमानपत्रं टिकली कशावर? मोठ्या जाहिरातींवर नव्हे, मुख्यतः वाचकांनी अंक विकत घेऊन दिलेल्या पैशांवर. ज्याचा पैसा वाचकाचा, त्याला वाचकाचा प्रश्न सोडून देणं महाग पडतं.

म्हणून 'स्वतंत्र' हा शिक्का पाहून विश्वास ठेवू नका. तीन प्रश्न विचारा. पैसा कुणाचा? संपादकाची ऊठबस कुणाकडे? आणि 'आत्ता नको, युद्ध संपल्यावर बघू' असं आपल्याच प्रश्नाबद्दल सांगितलं जातंय का?

बाबासाहेबांनी १९४६ साली याच डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. संयुक्त राष्ट्रांपुढे कृष्णवर्णीयांनी मांडलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डू बॉइस यांचं मोठेपण आम्हीही मानतो. पण २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या विभूतिपूजेविरुद्ध इशारा देणारेही बाबासाहेबच होते. आदर ठेवायचा आणि तपासायचंही. हा नियम आपल्या वर्तमानपत्रांना, आपल्या यूट्यूब चॅनेलांना आणि आमच्या या लेखालाही लागू आहे.

जयभीम!