हजार हात, एक ताल

श्रोतेहो, लग्नघरातला पुरणपोळ्यांचा घाट आपण पाहिला असेलच. एकटीच लाटायला बसली तर दिवस मावळेल. दहाजणी बसल्या की काम चटकन उरकतं. पण डाळ शिजून पुरण वाटून होईपर्यंत त्या दहाहीजणींना हात बांधून बसावं लागतं! संगणकाच्या अनुक्रमी आणि समांतर आज्ञावलींतला भेद असाच आहे. पहिलीत आज्ञा एकामागून एक पाळल्या जातात. दुसरीत काम वाटून एकाच वेळी अनेकांकडून करवून घेतात.

गंमत अशी, की ही कल्पना विद्युत्-संगणकाहूनही जुनी आहे. ल्युइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये रुग्णवाहिका-पथकात सेवा करता करता, २० मे १९१० या दिवसाच्या हवामानाचे गणित हाताने मांडले. सहा तासांचे भाकीत करायला सुमारे सहा आठवडे लागले, आणि उत्तरही चुकले. वायुभार १४५ मिलिबारने वाढेल असे गणित म्हणाले. प्रत्यक्षात तो जवळजवळ जागच्या जागी होता.

रिचर्डसन खचले नाहीत. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी एका प्रचंड सभागृहाचे चित्र रेखाटले. तिथे ६४,००० माणसं आकडेमोड करीत आहेत. प्रत्येकाकडे पृथ्वीचा एकेक तुकडा. पण वारा काही तुकड्याची हद्द मानीत नाही, तेव्हा शेजाऱ्याचा आकडा हवाच. म्हणून आकडे दिव्यांच्या पाट्यांवर झळकतात. मध्यभागी उंचावर उभा सूत्रधार पुढे धावणाऱ्यांवर गुलाबी आणि मागे पडणाऱ्यांवर निळा झोत टाकतो.

खरी मेख इथेच आहे. अनुक्रमी कामात क्रम आपोआप सांभाळला जातो. समांतर कामात तो मुद्दाम सांभाळावा लागतो. शेजाऱ्याचा आकडा बदलण्यापूर्वीच कुणी उचलला, तर बेरजेत कुणाचीही चूक नसताना उत्तर चुकते.

पुढे १९६७ साली जीन अ‍ॅमडाल यांनी दुसरी मर्यादा दाखवली. कामाचा दहावा हिस्सा एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही यंत्रं जुंपा, वेग दहापटीपलीकडे जात नाही. पुरण शिजायला लागणारा वेळ काही हटत नाही!

पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली तयार केलेला ‘परम ८०००’ हा याच समांतर पद्धतीचा महासंगणक. आज हवामानाचे भाकीत हजारो प्रक्रियक मिळून करतात. सभागृहातली माणसं गेली, यंत्रं आली. सूत्रधाराचं काम मात्र आज्ञावली लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडलं आहे.