बाळाची पहिली चढण

आमच्या घरी म्हैस व्याली की अम्मा चिकाचा खरवस करायची. गूळ आणि वेलची घालून वड्या पाडायची आणि आम्हा पोरांच्या हातून वाटीवाटीनं आळीभर पाठवायची. स्वतः मात्र तुकडाही तोंडात टाकायची नाही. तिला आवडत नसेल, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. कारण कळलं तेव्हा माझी पन्नाशी जवळ आली होती.

माझ्या आधी अम्माला एक मुलगा झाला होता. बाळंतपण घरातच, सुइणीच्या हातचं. तीन दिवस अंगावर पाजायचं नाही, असा दादीचा हुकूम होता. चीक जड, नऊ महिने साठून शिळा झालेला, तो बाळाला बाधतो, ही समजूत. बाळाला मधाचं बोट, गुळाचं पाणी, मग घुटी. अम्मा आपला चीक पिळून परसातल्या लिंबाच्या मुळाशी टाकायची. आठव्या दिवशी बाळ गेलं. ते त्यामुळेच गेलं, असं मी म्हणणार नाही. त्या काळी बाळं दगावायला कारणांची कमी नव्हती. अम्मा मात्र म्हणाली, "म्हशीचा चीक आपण गावभर वाटतो रे, अन् माझ्या लेकराचा मी मातीत घातला."

दादी काही दुष्ट नव्हती. तिच्या मागे फार मोठी परंपरा उभी होती. सुश्रुतसंहितेत म्हटलं आहे, की बाळंतिणीला दूध उतरतं ते तीन-चार रात्रींनंतर, म्हणून तोवर बाळाला मध-तूप चाटवावं. यातलं निरीक्षण खरंच आहे. भरपूर, पांढरं दूध उतरायला दोन-चार दिवस लागतातच. चूक झाली ती त्याआधीच्या घट्ट, पिवळसर थेंबांना दूध न मानण्यात. चरकसंहितेत मात्र मध-तुपाच्या विधीनंतर उजवा स्तन आधी द्यावा, असं सांगितलं आहे. म्हणजे आपल्याकडेही एकच मत नव्हतं.

हा केवळ आपला दोष म्हणावा, तर तसंही नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणारा ग्रीक वैद्य सोरेनस हाही सुरुवातीला आईचं दूध टाळायला आणि मध चाटवायला सांगत होता. ज्यांच्या ग्रंथावर आमचे हकीम शेकडो वर्षं शिकले, त्या इब्न सिनांनी आईच्या दुधाची थोरवी गायिली. पण आईची प्रकृती ठिकाणावर येईपर्यंत दुसऱ्या बाईनं पाजावं, असंही सुचवलं. आमच्या घरात दादी हे सारं धर्माच्या नावानं सांगायची. कुराणात आईनं दोन वर्षं पाजावं असं आहे. चीक टाकून द्यावा, असं मला त्यात कुठं आढळलं नाही. बाळाच्या टाळूला चावलेला खजूर लावायची जुनी रीत आहे, पण तीन दिवसांची बंदी तिच्यात नाही. रूढीनं धर्माची टोपी घातली की तिला जाब कोण विचारणार?

युरोपात हा समज हलायला अठरावं शतक उजाडावं लागलं. १७४८ साली विल्यम कॅडोगन या डॉक्टरानं, सोडून दिलेल्या बाळांना सांभाळणाऱ्या लंडनच्या एका संस्थेसाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. आईचं पहिलं दूध बाळाचं पोट साफ करतं, ते त्याला मिळालंच पाहिजे, असं त्यानं ठासून सांगितलं. गंमत म्हणजे, बालसंगोपन आता शहाण्या पुरुषांच्या हाती येत आहे, याचाही त्याला आनंद झाला होता! त्यानंतर दहा वर्षांनी, १७५८ मध्ये, स्वीडनच्या लिनियसनं प्राण्यांच्या एका मोठ्या वर्गाला स्तनांवरूनच नाव दिलं. आपण ज्याला सस्तन म्हणतो, तोच हा वर्ग. माणसाची ओळखच त्यानं आईच्या दुधाशी जोडली.

पण शहाण्या पुरुषांनीही पुढे घोटाळा केलाच. विसाव्या शतकात बाळंतपणं दवाखान्यात गेली. आयांचे जीव वाचले, हे उपकार मोठेच. मात्र बाळ जन्मलं की ते पुसायचं, धुवायचं, वजन करायचं आणि काचेपलीकडच्या खोलीत ओळीनं निजवायचं, ही शिस्त झाली. दूध घड्याळावर, आणि पुष्कळदा बाटलीतून. दादीचे तीन दिवस गेले आणि त्यांच्या जागी घड्याळ आलं.

नवजात बाळ म्हणजे मांसाचा असहाय गोळा, असं आपण समजतो. १९८७ साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी वेगळंच चित्र मांडलं. जन्मताच बाळ उघड्या अंगानं आईच्या छातीवर ठेवलं आणि कुणी लुडबुड केली नाही, तर ते थोडं विसावतं, पंधराएक मिनिटांत तोंड हलवू लागतं, मूठ चोखतं, पायांनी रेटा देत सरकतं आणि सुमारे ५५ मिनिटांनी आपलं आपण स्तनाशी लागतं. याला ‘ब्रेस्ट क्रॉल’ म्हणतात. १९९४ साली आणखी एक साधा प्रयोग झाला. आईचा एक स्तन धुतला, दुसरा तसाच ठेवला. ३० पैकी २२ बाळांनी न धुतलेला निवडला. बाळ वासावर वाट काढतं! त्याच्या इवल्या पायांच्या रेट्यानं आईचं पोट चोळलं जातं. ते चोखू लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवतं, गर्भाशय आकसतं आणि रक्तस्राव आवरतो. आई बाळाला वाचवते, तसं बाळही आईला.

आणि तो टाकून दिलेला चीक? पहिल्या दिवशी तो जेमतेम काही चमचे असतो, पण बाळाचं पोटही तेवढंच. रोगांशी झुंजणारी प्रतिपिंडं त्यात भरपूर असतात. घानामध्ये सुमारे ११ हजार बाळांचा अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. सगळ्या बाळांना पहिल्या तासात अंगावर घेतलं, तर पहिल्या महिन्यातले २२ टक्के मृत्यू टळू शकतील, असा अंदाज त्यातून निघाला.

यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणारी ‘बीपीएनआय’ ही देशव्यापी संस्था १९९१ साली वर्ध्यात स्थापन झाली. बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात रोखणारा कायदा १९९२ मध्ये झाला. २००७ साली मुंबईच्या डॉक्टरांनी युनिसेफच्या साथीनं बाळाच्या या चढणीची चित्रफीत तयार केली.

तरी आकडे काय सांगतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शंभरातली जवळजवळ ८९ बाळंतपणं दवाखान्यात झाली. पण पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली मुलं ४१.८ टक्केच. आधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४१.६ होता. म्हणजे आता दोष सुइणीवर आणि दादीवर ढकलता यायचा नाही.

तो माझ्यावरही येतो. माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण झालं, तेव्हा सदऱ्याच्या खिशात मधाची बाटली घेऊन मी दाराशी उभा होतो. बी.ए. झालेला, चार कवितासंग्रह छापलेला माणूस! नातीला आधी मी मध चाटवणार, फोटो निघणार, मग बाकीचं. सिस्टर बाहेर आल्या आणि बाटली पाहून म्हणाल्या, "काका, वर्षाच्या आतल्या बाळाला मध विषासारखा बाधू शकतो. ठेवा तो खिशात. पोरगी आईजवळ आहे, तिचं काम चाललंय." मी ओशाळलो. अम्मा बाकावर बसली होती. ती हसली नाही. म्हणाली, "तू बस इथं. पिऊ दे तिला."

आपण हिरकणीची गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या आईची ती गोष्ट. पण प्रत्येक बाळही जन्मताच एक कडा चढू पाहतं, आईच्या पोटावरून छातीपर्यंतचा, वीतभर उंचीचा. तिथं आपण काही करायचं नसतं. तासभर वाटेतून बाजूला व्हायचं असतं.

त्या वर्षी शेजारची म्हैस व्याली. त्यांनी खरवस पाठवला. अम्मानं एक वडी उचलली, बराच वेळ हातात धरली आणि नातसुनेच्या ताटलीत ठेवली.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)