आंब्याचे कलम : उंच घ्यावे की ठेंगणे?



आपल्या जुन्नर-आंबेगावात बांधावरचे जुने रायवळ आंबे कुणी रोप विकत आणून लावलेले नाहीत. कोय जागेवरच रुजली, सोटमूळ सरळ खाली गेले. फळाला मात्र आठ-दहा वर्षे वाट पाहावी लागे. 1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, जीर्ण झाड लागलेच तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असे बजावले. झाड वर्षा-दोन वर्षांत होत नाही, हेच त्याचे कारण.

पुढे भेट कलम आले. कुंडीतले रोप हापूसच्या फांदीजवळ मांडवावर ठेवायचे, दोन्हींची साल तासून एकत्र बांधायचे, दोन-तीन महिन्यांनी सांधा जुळला की फांदी झाडापासून कापायची. एका झाडावर अशी होणार किती? बरे, कलम उंच आणि मातीचा गड्डा जड. वाटेत गड्डा फुटला की कलम दगावलेच. तरी कलम म्हणजे कमरेएवढे, ही समजूत तिथूनच रुजली असावी.

1972 साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ सुरू झाले आणि तिथे कोय कलमाची पद्धत बसवली गेली. तांबूस पानांच्या कोवळ्या कोंबावर हापूसची काडी बसवायची, प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची, झाले! कलम लहान, हलके, पिशवीतले. 1990 साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली, तेव्हा लागणारी कलमे पुरवणे एकट्या भेट कलमाला झेपले नसते.

तेव्हा रोपवाटिकेत गेलात की उंचीला भुलू नका. सालभराचे, दीड-दोन फुटांचे, सांधा पक्का भरलेले कलम घ्या. तीन-तीन वर्षे त्याच पिशवीत राहिलेले उंच कलम दिसते झकास, पण आत मुळांचे वेटोळे झालेले असते आणि जमिनीत गेल्यावरही ते सुटत नाही. कळते केव्हा? पाच-सहा वर्षांनी, झाड खुंटल्यावर किंवा वळवाच्या वाऱ्यात कलंडल्यावर. ती साले कुणी भरून देत नाही. मंचरच्या पूर्वेला पावसाची उघडीप लांबते. पाने फार नि मुळे थोडी असे कलम तिथे आधी मान टाकते.

खड्डे आखताना मात्र पुढच्या मोठ्या झाडाचा हिशेब धरा. 10 मीटरवर एकरी 40 झाडे बसतात, 5 मीटरवर 160. पण मग दरसाल काढणीनंतर छाटणी चुकवता येत नाही. आणि सांध्याखालून रायवळची फूट आली, तर ती दिसेल तेव्हाच खुडून टाका.