तिकीट कुणाचे, उमेदवारी कुणाची

‘कोनं तिकीट व्हयनं?’ म्हणजे, तिकीट कुणाचे झाले? सुरतेहून मुंबईकडे निघालेली लोकल उधना सोडल्यावर भेस्तानला थांबते. विधानसभा असो की महापालिका, निवडणूक जवळ आली की तिथल्या गल्लीबोळांत आणि चहाच्या टपऱ्यांवर हाच प्रश्न फिरू लागतो. विचारणारा बहुधा खानदेशी असतो. धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसे ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने उधन्याला उतरली आणि लिंबायत, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात लूमच्या खात्यांत (म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांत), डाइंग मिलमध्ये, बांधकामावर कामाला लागली. घरात अहिराणी, मुलांच्या पाटीवर मराठी किंवा गुजराती, खात्यात हिंदी. शेजारी ओडिशा, बिहार आणि उत्तर प्रदेशातले कामगार. निवडणुकीचे शब्द एकमेकांना घासून पाहायचे तर याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

पहिला शब्द खुद्द निवडणूक. मराठीत आपण तांदूळ निवडतो, मेथी निवडतो. सूप पुढे घ्यायचे, खडा-गणंग दिसला की बाजूला काढायचा. निवडणे म्हणजे आधी नको ते काढून टाकणे. उरेल ते चांगले. त्या क्रियापदाला वागणूक, मिरवणूक, फसवणूक यांतला ‘णूक’ लागला आणि शब्द झाला. भेस्तानच्या भिंतीवर मात्र ‘चूंटणी’ लिहिलेले असते. गुजरातीत ‘चूंटवुं’ म्हणजे खुडणे: झाडावर हवे ते फूल हेरून तेवढेच बोटांनी तोडणे. हिंदीतला ‘चुनाव’ही वेचण्याचाच. गुजराती-हिंदीची नजर हव्या असलेल्यावर, मराठीची नको असलेल्यावर. दोन्ही कृती लोकशाहीला लागतात, आणि या क्रमाने लागतात: आधी सुपातले खडे काढायचे, मग उरलेल्यांतून वेचायचे. वेचण्याचे काम मतदानाच्या दिवशी आपण करतो. सूप मात्र आपल्या हातात कधी येतच नाही. ते पक्षाच्या हातात असते, आणि भेस्तानातला तो प्रश्न नेमका याच सुपाविषयीचा आहे.

अमेरिकेत हे सूप मतदारांच्या हाती देण्याची रीत आहे. तिला तिथे ‘प्रायमरी’ म्हणतात. विस्कॉन्सिन राज्याने १९०३ मध्ये कायदा करून उमेदवार ठरवण्याचा हक्क पक्षाच्या मुखंडांकडून काढून मतदारांना दिला, आणि ही रीत पुढे देशभर पसरली. आपल्याकडे ‘प्रायमरी’ म्हटले की शाळाच आठवते, भेस्तानातही तेच. या दुसऱ्या प्रायमरीला मराठी वृत्तपत्रे ‘पक्षांतर्गत प्राथमिक फेरी’ असे काहीतरी लांबलचक म्हणतात, कारण वस्तूच आपल्याकडे नाही. तरी एका मराठी माणसाने ती जवळून पाहिली आहे. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमध्ये २०१८ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२० मध्ये, राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी त्यांनी डेट्रॉइटमधली प्रायमरी जिंकली. तो भाग डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्यामुळे खरी लढत तिथेच संपली होती. ध्यानात घ्यायची गोष्ट इतकीच, की त्यांना नाकारले तेही मतदारांनी आणि पुढे पाठवले तेही मतदारांनीच. कुणा दिल्लीश्वराच्या दारात त्यांना बसावे लागले नाही.

आपल्याकडे प्रयत्न झालाच नाही असे नाही. २०१४ च्या लोकसभेच्या वेळी काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार ठरवले होते. त्यांत महाराष्ट्रातले लातूर आणि वर्धा होते, गुजरातेतले वडोदरा होते. वडोदऱ्यात निवडून आलेल्या कार्यकर्त्याने, समोर नरेंद्र मोदी उभे राहणार म्हटल्यावर, जागा सोडली आणि पक्षाने मधुसूदन मिस्त्रींना उभे केले. प्रयोग तिथेच थांबला. त्याला मराठीत नावही मिळाले नाही. शब्द रुजायचा तर गोष्ट दोन-चार वेळा तरी घडावी लागते.

गुजरातेत या जागी जे आहे त्याला मात्र नाव आहे, आणि मोठे बोलके आहे: ‘सेन्स’. भाजपचे निरीक्षक जिल्ह्यात येतात, कार्यालयात बसतात, पदाधिकारी आणि कार्यकर्ते एकेक करून आत जातात, आपल्याला कोण हवे ते सांगतात आणि बाहेर येतात. ‘सेन्स लेवाई गई’ अशी बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते. २०२२ च्या विधानसभेसाठी १८२ जागांचा सेन्स ऑक्टोबरच्या अखेरीस घेतला गेला. सुरतेत मतदान १ डिसेंबरला झाले. शब्द इंग्रजी सभाशास्त्रातला. मते न मोजता सभेचा एकूण कल ओळखणे म्हणजे सभेचा ‘सेन्स’ घेणे. मराठीत याला ‘चाचपणी’ आहे, ‘कल अजमावणे’ आहे. पण पाहा, या तिन्हींत मोजणी कुठेच नाही. आत जाऊन आलेल्या माणसाला आपले मत किती जणांच्या मताशी जुळले हे कळत नाही. नावांचे ‘पॅनल’ वर जाते, वरून एक नाव खाली येते. माणसांना बोलावून विचारले जाते ही गोष्ट मी हलकी मानत नाही. महाराष्ट्रात पक्ष इच्छुकांच्या मुलाखती घेतात, तिथे तर बोलायचे असते ते इच्छुकानेच. पण विचारणे वेगळे आणि मोजणे वेगळे, आणि ‘सेन्स’ हा शब्द त्या दोहोंतली दरी प्रामाणिकपणे दाखवतो.

वरून खाली येते ते तिकीट. हा मूळचा फ्रेंच शब्द, ‘एतिकेत’, म्हणजे चिकटवायची चिठ्ठी. शिष्टाचाराला इंग्रजीत म्हणतात तो ‘एटिकेट’ याचाच सख्खा भाऊ. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले पक्ष आपापल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी छापून मतदारांना देत आणि मतदार तीच पेटीत टाकत. ती चिठ्ठी म्हणजे पक्षाचे ‘तिकीट’. त्या अर्थाने ते मतदाराच्या हातात असे. आपल्याकडे चिठ्ठी गेली, तिकीट उरले, आणि ते मतदाराच्या हातून सुटून उमेदवाराच्या हातात गेले. आता ते मागायचे असते, मिळायचे असते, नाहीतर कापले जायचे असते. भेस्तानात या कापण्याची आणखी एक गंमत ऐकू येते. बिहारकडचा कामगार छठला गावी निघाला की ‘टिकट कटा लिया’ म्हणतो, म्हणजे तिकीट हातात आले. त्याच टपरीवरचा खानदेशी ‘भाऊनं तिकीट कापायनं’ म्हणतो तेव्हा भाऊच्या हातून ते गेलेले असते. एकच क्रियापद, आणि अर्थ उलटे.

आणि तिकीट प्रत्यक्षात असते काय? दोन कागद. ज्याला आपण एकदमात ‘एबी फॉर्म’ म्हणतो, तो खरे तर ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन नमुने. ‘ए’मध्ये पक्ष निवडणूक आयोगाच्या अधिकाऱ्यांना कळवतो की उमेदवारांची नावे देण्याचा अधिकार आमच्या अमुक पदाधिकाऱ्याला आहे, ही त्याची सही. ‘बी’मध्ये तो पदाधिकारी उमेदवाराचे नाव लिहितो आणि त्याच्या जागी घ्यायच्या पर्यायी उमेदवाराचेही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत, शाईच्या सहीनिशी, ते निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचले पाहिजेत. वीस-वीस वर्षे घरोघर फिरलेल्या माणसाचे राजकारण तीनच्या ठोक्याला या कागदांवर येऊन थांबते. त्यांवर ना कार्यकर्त्याची सही असते, ना मतदाराची.

आता ज्या शब्दासाठी हे सगळे लिहायला घेतले त्याकडे येतो: उमेदवार. फारसीतला ‘उमेद’ म्हणजे आशा. ‘वार’ म्हणजे ती बाळगणारा. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. हिंदीने संस्कृतातून ‘प्रत्याशी’ घडवला, त्याचाही अर्थ हाच. लॅटिनची वाट निराळी: रोममध्ये पद मागणारा माणूस खडू लावून पांढराफेक केलेला अंगरखा घालून चौकात फिरे, म्हणून ‘कॅन्डिडॅटस’, म्हणजे शुभ्र कपड्यातला. तिकडे कपडे, इकडे आशा. मराठीने मात्र या फारसी शब्दाला आपले असे काही दिले, जे मला फार मोलाचे वाटते. एक म्हणजे, उमेद नुसती आशा राहिली नाही. ‘उमेदीची वर्षे’ म्हणतो तेव्हा आपण धडाडीचे, अंगात जोर असण्याचे दिवस म्हणतो. ‘उमेद खचली’ म्हणजे आतला जोरच गेला. आशा धरून माणूस बसून राहू शकतो. उमेद असलेला बसत नाही.

दुसरे याहून मोठे. मराठीत उमेदवारी करायची असते. इंग्रजी अमदानीत कचेरीत चिकटू पाहणारा तरुण आधी बिनपगारी काम करी, दफ्तरे उतरवून काढी, ज्येष्ठ कारकुनाच्या हाताखाली खालमानेने शिके. पुढेमागे जागा निघेल या आशेवर. त्या काळाला उमेदवारी म्हणत. तोच अर्थ वकिलीत आला, नाटक कंपनीत आला, वर्तमानपत्राच्या कचेरीत आला. १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यात शिकायला घेतलेल्या मुलाला आजही ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात. भेस्तान-पांडेसऱ्याच्या लूमच्या खात्यात तर हे रोज डोळ्यांनी दिसते. नवा माणूस आला की आधी बॉबिन भरतो, तुटलेला धागा कसा ओळखायचा आणि कसा सांधायचा ते शिकतो, कुणा जुन्या कारागिराच्या शेजारी उभे राहून एक-दोन संचे सांभाळतो. मग त्याच्या हवाली पूर्ण ओळ होते. त्याला उमेदवारी ‘जाहीर’ होत नाही. ती करावी लागते, आणि ती केली की नाही हे कापडात दिसते.

राजकारणात शब्द तोच राहिला, क्रियापद बदलले. उमेदवारी करणे मागे पडले. उमेदवारी मिळणे, दाखल करणे, मागे घेणे आले. शिकण्याचा काळ होता, त्याचा कागद झाला. हा बदल मला मनापासून सलतो, कारण जुन्या अर्थाची माणसे सुरतेच्या मराठी वस्तीतही आहेत. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले आणि पोलिस शिपाई म्हणून नोकरी सुरू केलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीचे खासदार आहेत. भेस्तान त्यांच्याच मतदारसंघात. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील २०१२ पासून लागोपाठ तीनदा निवडून आल्या. पक्ष कुठलाही असो, परप्रांतात आलेल्या कष्टकरी समाजातून कुणी इथवर पोचते ते एका कागदाच्या बळावर नव्हे. सी. आर. पाटील भाजपचे प्रदेशाध्यक्ष असताना, २०२१ च्या महापालिका निवडणुकांत, साठीपुढच्यांना, तीनदा निवडून आलेल्यांना आणि नेत्यांच्या नातलगांना तिकीट नाही असा नियम पक्षाने लावला. नव्यांना वाट मिळाली हे खरे. पण नव्यांतून कोण, हे ठरवणारे हात जुनेच राहिले.

एक शब्द उरला आणि तो सुरतेचा असल्याने टाळता येत नाही. आपण ‘बिनविरोध’ म्हणतो, गुजराती ‘बिनहरीफ’ म्हणते. ‘हरीफ’ अरबीतून आला. तिथे तो धंद्यातला सोबती. फारसी-उर्दूत येता येता तोच प्रतिस्पर्धी झाला. २०२४ मध्ये सुरत लोकसभेत काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, कारण अर्जावरच्या सह्या आपल्या नव्हेत असे त्याच्या सूचकांनीच सांगितले. सूचकाला गुजरातीत ‘टेकेदार’ म्हणतात, म्हणजे टेकू देणारा. टेकू निघाला. पर्यायी उमेदवाराचा अर्जही गेला, बाकीच्यांनी माघार घेतली, आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनहरीफ विजयी झाले. लाखो मतदारांना नुसते बटण दाबायलाही मिळाले नाही, ‘नोटा’सुद्धा नाही. भेस्तान नवसारीत मोडत असल्याने तिथल्या लोकांनी ७ मे रोजी मत दिले. शहर एकच. हद्दीच्या अलीकडे मत होते, पलीकडे नव्हते.

भेस्तानच्या मराठी मतदाराला माझे सांगणे एवढेच. पुढच्या निवडणुकीला ‘कोनं तिकीट व्हयनं’ हे विचाराच, पण हात जोडून दारात येणाऱ्याला आणखी एक विचारा: उमेदवारी कुठे केली, कुणाच्या हाताखाली, किती वर्षे? आणि जे कुठल्याही पक्षाचे सभासद आहेत त्यांनी निरीक्षक सेन्स घ्यायला बसतील तेव्हा आत जाऊन एक मागणी नोंदवावी, की आमची मते मोजा आणि आकडा बाहेर फळ्यावर लिहा.